अंजनीताईंचे एकवीस रुपये

युसूफ वडगावच्या आम्ही गटातल्या बाया आज पुन्हा तुमच्याशी बोलायला बसलोय. शेळीपालन, परसबाग, गटाचा हिशेब असे विषय याआधी झाले. आजचा विषय जरा लांबचा वाटेल, पण शेवटपर्यंत ऐका, तो आपल्या उंबऱ्यापाशीच येऊन थांबतो.

झालं असं की आमच्या गटातल्या एकीची लेक अंबाजोगाईला बीएस्सीला आहे, रसायनशास्त्र घेऊन. तिच्या मनात पुढे एमएस्सी करून संशोधनाला जायचं आहे. मटेरियल केमिस्ट्रीची प्राध्यापक व्हायचंय म्हणते. मासिक बैठकीत तिच्या आईनं साधे तीन प्रश्न विचारले. किती वर्षं लागतात? पैसा किती लागतो? आणि तोवर लोकांना काय सांगायचं? कर्ज कुठलं घ्यावं, हप्ता कसा फेडावा हे आम्ही झोपेतसुद्धा सांगू. पण या तीन प्रश्नांना आमच्यातली एकही उत्तर देऊ शकली नाही. डॉक्टर कसा होतो, पोलीस कसा होतो, हे गावाला ठाऊक आहे. प्राध्यापक, त्यातही संशोधन करणारा प्राध्यापक कसा घडतो, हे ठाऊक नाही. म्हणून आम्ही विचारपूस केली, वाचलं, कॉलेजच्या मॅडमना गाठलं. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

आधी हे मटेरियल केमिस्ट्री म्हणजे काय ते पाहू. साबुदाणा रात्री भिजत घालतो, सकाळी तो फुगलेला असतो. सब्जाचं बी पाण्यात टाकलं की त्याभोवती बुळबुळीत थर येतो. डिंक तुपात टाकला की फुलतो, पाण्यात टाकला की चिकट होतो. वस्तू तीच, पण एका जागी फुलते, दुसऱ्या जागी विरघळते. असं का होतं, आणि आपल्याला हवी तशी वागणारी वस्तू मुद्दाम बनवता येईल का, याचा अभ्यास म्हणजे मटेरियल केमिस्ट्री. पाण्याच्या टाकीचं प्लॅस्टिक, ठिबकची नळी, सोलरची काच, मोबाइलची बॅटरी, सगळं यातलंच.

आपल्या फार जवळचं उदाहरण द्यायचं तर सॅनिटरी पॅड. एक कोरा पॅड फाडून पाहा. कापसात मिठासारखे बारीक पांढरे दाणे दिसतील. वाटीत घेऊन त्यावर पाणी घाला. दाणे बघता बघता फुगून जेलीसारखे होतात, वाटी उलटी केली तरी पाणी सांडत नाही. यात चमत्कार काही नाही. त्या दाण्यात लांब लांब साखळ्या असतात आणि त्या एकमेकींना जागोजागी बांधलेल्या असतात, बाजेची वीण असते तशा. पाणी त्या विणीत शिरतं, वीण ताणते, पण सुटत नाही. आता त्याच जेलीवर चिमूटभर मीठ टाका. थोड्या वेळात पाणी सुटायला लागतं. मिठामुळे त्या साखळ्यांची पाणी ओढायची ताकद कमी होते. आमच्या बैठकीत आम्ही हे करून पाहिलं तेव्हा चहा थंड झाला तरी कुणी उठलं नाही. अशा साखळ्यांच्या पदार्थांना पुस्तकात बहुवारिक म्हणतात, इंग्रजीतला शब्द पॉलिमर.

आता या पॉलिमरच्या अभ्यासात जगभर नाव झालेला एक मराठी माणूस आहे, डॉ. रघुनाथ माशेलकर. टीव्हीवर, पेपरात तुम्ही नाव ऐकलं असेल. मोठी पदं, पद्मविभूषण, ते सगळं खरं आहे. आम्हाला मात्र त्यांच्या पदांपेक्षा त्यांच्या आईची गोष्ट जास्त सांगायची आहे, कारण शास्त्रज्ञाच्या चरित्रात आई एका ओळीत येते आणि पुढे जाते. इथे तसं करता येत नाही.

माशेलकरांचा जन्म १ जानेवारी १९४३ चा, गोव्यातल्या माशेल गावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. वडील गेले तेव्हा मुलगा सहा वर्षांचा. आई अंजनीताई त्याला घेऊन मुंबईत गिरगावात राहिली. शिवणकाम करायची, मिळेल ते काम करायची. मुलाच्या पायात बारा वर्षांचा होईपर्यंत चप्पल नव्हती. रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास व्हायचा. आपल्याला यात नवल वाटणार नाही. फडावर पालात कंदिलाजवळ अभ्यास करणारी पोरं आपण पाहिली आहेत.

माशेलकरांनी आपल्या भाषणांतून एक गोष्ट बऱ्याच वेळा सांगितली आहे. अंजनीताई कामाच्या शोधात गिरगावातल्या काँग्रेस हाउसमध्ये गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या. शेवटी कळलं की या कामाला तिसरी पास बाई पाहिजे. अंजनीताई तिसरी पास नव्हत्या. त्या परत आल्या, आणि त्या दिवशी त्यांनी ठरवलं की आपला मुलगा शिक्षणात जेवढं वर जाता येतं तेवढं वर जाईल. बायांनो, रोजगार हमीच्या कामावर, अंगणवाडीच्या भरतीत, कुठे ना कुठे आपल्यातल्या कितीजणी अशा परत आल्या असतील. परत येऊन कुणी नशिबाला बोल लावला असेल, कुणी गप्प बसलं असेल. या बाईनं त्याचा असा उपयोग केला.

पुढची गोष्ट एकवीस रुपयांची. मुलगा महापालिकेच्या शाळेतून पुढे हायस्कुलात जायचा होता. प्रवेशाला एकवीस रुपये लागत होते. ते अंजनीताईंकडे नव्हते. जमवायला वेळ गेला, आणि नावाजलेल्या शाळेतली जागा हुकली. मुलगा युनियन हायस्कूल नावाच्या शाळेत गेला, तिथे गरिबांचीच पोरं जास्त असायची. त्या शाळेत भावे नावाचे शिक्षक होते. विज्ञान शिकवायचे. एकदा त्यांनी मुलांना उन्हात नेलं, हातात भिंग घेतलं आणि कागदावर उन्हाचा ठिपका पाडला. ठिपका बारीक होत गेला आणि कागद पेटला. मुलांना त्यांनी सांगितलं की ऊन सगळीकडे सारखंच आहे, पण ते एका जागी आणलं तरच जाळ होतो, तुमच्या ताकदीचंही तसंच. माशेलकर म्हणतात की आपण शास्त्रज्ञ व्हायचं त्या क्षणी पक्कं झालं.

इथे आमचा एक आडवा विचार. एकवीस रुपये त्या काळी काही फार मोठी रक्कम नव्हती, पण नेमक्या आठवड्यात हातात नव्हते, म्हणून शाळा बदलली. सुदैवानं दुसऱ्या शाळेत भावे सर भेटले. सगळ्यांना भेटत नाहीत. आमच्या गटाच्या वहीत शेळीसाठी, दुकानासाठी, दवाखान्यासाठी दिलेलं कर्ज आहे. प्रवेशाच्या आठवड्यात फीसाठी दिलेलं कर्ज पाच वर्षांत फक्त दोन वेळा आहे. आम्ही वही उघडली तेव्हाच हे दिसलं.

१९६० साली मुलगा मॅट्रिक झाला, बोर्डात अकरावा आला. तरीही शिक्षण थांबायची वेळ आली होती. नोकरी धरावी, आईला आधार द्यावा, असं त्याच्या मनात होतं. आईनं ऐकलं नाही. त्याच वेळी सर दोराबजी टाटा ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली, महिन्याला साठ रुपये. पदवी होईपर्यंत, सहा वर्षं ती मिळत राहिली. एकवीस रुपयांनी शाळा अडली आणि साठ रुपयांनी कॉलेज झालं. मध्ये हुशारी तीच होती, मेहनत तीच होती.

मग माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग. १९६६ साली तिथून रासायनिक अभियंत्याची पदवी. तेव्हा हुशार मुलं लगेच परदेशी जात. माशेलकर थांबले, कारण तिथे प्रा. मनमोहन शर्मा नावाचे तरुण प्राध्यापक आले होते. सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झालेला माणूस! त्यांच्या हाताखाली माशेलकरांनी १९६९ साली पीएचडी केली. विषय होता, द्रवातून वायूचे बुडबुडे जाताना वायू द्रवात किती आणि कसा उतरतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण औषधाच्या, खताच्या, रंगाच्या कारखान्यांत ठिकठिकाणी हेच चाललेलं असतं.

पीएचडी म्हणजे काय हेही आम्हाला नीट कळलं नव्हतं, तेव्हा ते सांगतो. पीएचडी म्हणजे आणखी एक परीक्षा नव्हे. एक प्रश्न घ्यायचा, ज्याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. चार-पाच वर्षं त्याच्यामागे लागायचं. मार्गदर्शक असतो, पण उत्तर त्यालाही माहीत नसतं. प्रयोग फसतात, पुन्हा करायचे. शेवटी प्रबंध लिहायचा आणि जाणकारांसमोर उभं राहून त्याचा बचाव करायचा. म्हणूनच मार्गदर्शक कोण मिळतो याला फार महत्त्व आहे. सोयरीक जुळवताना आपण घराणं बघतो ना, तेवढ्याच बारकाईनं मुलीनं मार्गदर्शक बघावा, असं आम्हाला कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या. त्यांच्या हाताखालच्या आधीच्या मुलींना किती वर्षं लागली, त्या आज कुठे आहेत, हे विचारून घ्यावं. आम्हाला हे पटलं.

पीएचडीनंतर माशेलकर इंग्लंडमध्ये सॅलफर्ड विद्यापीठात गेले. आधी संशोधक, मग तिथेच शिकवू लागले. तिथे ते पॉलिमरकडे वळले. पाणी ओतलं की सरळ वाहतं, पण पिठलं, चिकाचं दूध, गुळाचा पाक वेगळा वाहतो. ढवळलं तर पातळ होणारे द्रव असतात, ढवळलं तर घट्ट होणारेही असतात. पॉलिमरचे द्रव असे लहरी असतात, आणि त्यांना नळीतून, साच्यातून नीट न्यायचं तर त्यांची लहर गणितात बसवावी लागते. ते काम माशेलकरांनी केलं.

१९७६ साली ते परत आले. परदेशातली पक्की नोकरी सोडून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये. तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख डॉ. नायुदम्मा होते, त्यांनी बोलावून घेतलं. एनसीएल पाषाण रस्त्यावर आहे, १९५० साली सुरू झालेली. इथे माशेलकरांनी जेलवर काम केलं. म्हणजे तेच आपलं पॅडमधल्या दाण्याचं भावंड. जेल किती फुगतं, किती वेगानं, आणि आसपासची ऊब बदलली की एकदम आकसतं का, याचा अभ्यास. एनसीएलमध्ये स्टार्चपासून पाणी धरून ठेवणारा एक पदार्थ तयार झाला होता, त्याचं नाव जलशक्ती. हेतू असा की मुळाशी टाकला तर पावसाचं पाणी धरेल आणि उघडीप पडली की झाडाला देईल. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं याच जातीचा पुसा हायड्रोजेल काढला, तो आपल्या वजनाच्या साडेतीनशे पट पाणी धरतो.

आता मांजरा धरणाच्या कडेला राहूनही पाण्याच्या टँकरची वाट पाहिलेल्या आपल्यासारख्या बायांच्या मनात काय येणार, ते आम्हाला माहीत आहे. बैठकीत लगेच प्रश्न आला, वापरून झाल्यावर नाही, पण कोरे पॅड स्वस्तात मिळाले तर दाणे मोसंबीच्या आळ्यात टाकावेत का? तर नाही. पॅडमधला जेल सोडियमचा असतो, आणि सोडियम मातीला चांगला नाही, जमीन चोपण होण्याचा तोच रस्ता. शेतीसाठीचा जेल वेगळा बनवतात. तोही क्षारांच्या पाण्यात कमी फुगतो, मिठाचा प्रयोग आठवा. बोअरचं पाणी जड असेल तर डब्यावर लिहिलेल्या आकड्याएवढं काम तो करणार नाही. विकायला येणारा माणूस हे सांगत नाही. घ्यायचाच असेल तर आधी दोन झाडांना टाकून बघा, किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

माशेलकर १९८९ ते १९९५ एनसीएलचे संचालक होते. त्या काळात पॉलिमरवरचं तिथलं संशोधन अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं पैसे मोजून घेतलं, एरवी आपणच बाहेरून विकत घेत होतो. १९९५ पासून २००६ पर्यंत ते सीएसआयआरचे महासंचालक. १९९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मानही त्यांना मिळाला. हे भराभर सांगून टाकलं, कारण यादी कुठेही मिळेल.

हळदीची गोष्ट मात्र थांबून सांगतो. १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला पेटंट मिळालं, कशाचं, तर जखम भरायला हळद वापरण्याचं! पेटंट म्हणजे काही वर्षांपुरता त्या गोष्टीवर त्यांचाच हक्क. आपल्या आजीनं विळी लागलेल्या बोटावर हळद दाबली, तिला कुणी पेटंट दिलं नव्हतं. माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरनं त्या पेटंटला हरकत घेतली. पण अमेरिकेत आजी हा पुरावा चालत नाही, लिहिलेला कागद लागतो. मग जुने ग्रंथ, संस्कृतातले उल्लेख, १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख, असे कागद शोधून पुढे ठेवले. १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. आम्हाला यातलं हे फार लागलं की आपल्याला येणारी गोष्ट लिहून ठेवलेली नसली तर ती आपली राहीलच असं नाही. गटाच्या बैठकीचा वृत्तांत लिहायला कंटाळा करणाऱ्या सचिवबाई आमच्यातही आहेत, त्यांनी ऐकावं.

आईच्या नावानं आज एक पुरस्कार दिला जातो, अंजनी माशेलकर सर्वसमावेशक नवनिर्मिती पुरस्कार. गरिबाला परवडेल अशी चांगली वस्तू किंवा सेवा जो बनवेल त्याला मिळतो.

इथवर ऐकून बैठकीत एक म्हातारी मावशी म्हणाल्या, "हे सगळं पोराचं झालं. पोरीचं सांगा." बरोबर बोलल्या. अंजनीताईंचा रघुनाथ जर राधा असता तर मॅट्रिकनंतर काय झालं असतं, हे आम्ही सांगायला नको.

तर पोरींचं सांगतो. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, घरात पैसा, शिक्षण, सगळं. १९३३ साली मुंबईहून बीएस्सी होऊन त्यांनी बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला. वडील तिथलेच विद्यार्थी. तरीही तिथले प्रमुख, नोबेल मिळवलेले सी. व्ही. रामन, यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या, नकाराचं कारण विचारलं. मग अटी घालून, वर्षभर तपासून पाहण्याच्या बोलीवर, प्रवेश मिळाला. त्यांनी दुधातल्या, डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. त्यांचं काम पाहून पुढे रामन यांनी मुलींना घ्यायला सुरुवात केली. १९३९ साली केंब्रिजहून कमलाबाईंनी पीएचडी घेतली. नंतर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक झाल्या आणि नीरा हे गरिबाच्या पोषणाला कसं उपयोगी पडेल यावर त्यांनी काम केलं. घरात दोन रसायनशास्त्रज्ञ असलेल्या मुलीची ही गत होती.

अलीकडच्या काळातलं सांगायचं तर पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी होत्या, पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापक. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कणांवर, ज्याला नॅनो म्हणतात, त्यावर त्यांनी काम केलं, त्यावरचं पुस्तक लिहिलं, पुढे पुण्याच्या आयसरमध्येही शिकवलं. आणि एनसीएलमध्येच माशेलकरांच्या गटात जेलवर पीएचडी केलेल्या शायनी वर्गीस. त्या गटानं असं जेल बनवलं की कापलं तरी तुकडे पुन्हा जुळून येतात. शायनीताई अमेरिकेत गेल्या, प्राध्यापक झाल्या, २०१२ साली स्वतःच्या प्रयोगशाळेतून त्यांनी काही क्षणांत जुळणारं जेल जगापुढे आणलं. आज त्या ड्यूक विद्यापीठात आहेत. म्हणजे बाजेच्या विणीसारखी ती साखळी पुण्यातून एका मुलीच्या हातून पुढे गेली.

आता त्या आईचे तीन प्रश्न. वर्षं किती? बारावीनंतर बीएस्सीची तीन, नव्या धोरणात चारही होतात. एमएस्सीची दोन. पीएचडीची चार-पाच. त्यानंतर बरेचजण आणखी दोनेक वर्षं दुसऱ्या संस्थेत काम करतात. म्हणजे मुलगी अठ्ठावीस-तिसाची होते. ऐकून छातीत धस्स होतं, आमच्याही झालं. आपल्या बीड जिल्ह्यात अजून शंभरातल्या चाळीसहून जास्त मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली सरकारच्या पाहणीत दिसली आहेत. तिथे तिसाचं नाव काढणं म्हणजे वेड्यात निघणं. पण या वर्षांचा हिशेब नीट मांडला तर वेगळा दिसतो. घरानं पैसे घालायची वर्षं फक्त एमएस्सीपर्यंतची. त्यानंतर पैसे मुलीला मिळतात.

ते असं. सीएसआयआरची नेट नावाची परीक्षा वर्षातून दोनदा होते. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते. त्यात वरचे गुण मिळाले तर जेआरएफ मिळते, म्हणजे पीएचडी करताना महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, शिवाय घरभाडं. मुलींना वयात पाच वर्षांची सूट आहे. ही परीक्षा अवघड आहे, हेही सांगतो, पहिल्या खेपेला निघेलच असं नाही. जेआरएफ नाही मिळाली तर राज्याच्या शिष्यवृत्त्या आहेत, मराठा-कुणबी मुलामुलींसाठी सारथी, अनुसूचित जातींसाठी बार्टी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. त्यांच्या जागा मोजक्या असतात आणि पैसे कधी कधी महिनोनमहिने उशिरा येतात. त्या मधल्या महिन्यांत मुलगी मेसचे पैसे कुठून देणार? ते आपलं काम. गटाचं दहा-पंधरा हजारांचं कर्ज तिथे लागतं, लग्नाच्या मंडपाला लागतं त्यापेक्षा कमीच.

नोकरीचं मात्र गोड करून सांगणार नाही. सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो, नेट किंवा सेट पास असावं लागतं. पण भरती वर्षानुवर्षं रखडते. तोवर बरेचजण तासिका तत्त्वावर शिकवतात. तासाप्रमाणे पैसे, तेही वेळेवर नाहीत, सुट्टीत काहीच नाही. पीएचडी झालेली माणसं असं जगताना आम्ही पाहिली आहेत. काही ठिकाणी जागेसाठी पैसे मागतात असंही कानावर येतं. तेवढ्यासाठी शेत विकू नका. रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीला औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत, सरकारी संशोधन संस्था आहेत, एनसीएलसारख्या. आणि माशेलकर जिथे शिकले त्या माटुंग्याच्या संस्थेची शाखा २०१८ पासून आपल्या मराठवाड्यात, जालन्याला आहे. बारावीनंतरच तिथे रासायनिक अभियांत्रिकीला जाता येतं. हे आम्हालाच माहीत नव्हतं, म्हणून सांगतोय.

तिसरा प्रश्न, लोकांना काय सांगायचं. यावर आमच्यात एकमत झालं नाही. कुणी म्हणालं, काही सांगायचं नाही, लोक दोन वर्षांनी गप्प बसतात. कुणी म्हणालं, लग्न करून शिकू द्या, सासरच्यांकडून तसं कबूल करून घ्या. त्यावर दुसरी म्हणाली, कबूल केलेलं पहिल्या बाळंतपणात विसरतात. तिचा स्वतःचा अनुभव. एक मात्र सगळ्यांना मान्य झालं. जेआरएफचा पहिला पगार खात्यात पडला की मुलीच्या लग्नाचं बोलणं घरात वेगळ्या आवाजात होतं.

आता कामाचं ऐका, कागदांचं. शिष्यवृत्तीचे अर्ज बऱ्याचदा कागदांपायी अडकतात. उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नवा लागतो. जातीचं प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी, अकरावी-बारावीतच करून ठेवा, त्याला फार वेळ जातो. नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपते, तारीख बघत राहा. बँकेच्या खात्याला आधार जोडलेलं असलं तरच पैसे पडतात, आणि खातं मुलीच्याच नावाचं असू द्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी हे सगळं दिवाळीच्या आत उरकावं, कारण एकदा गाडी निघाली की उन्हाळ्यापर्यंत तहसीलला जायला माणूस नसतो. ज्यांना जमलं नाही त्यांचे कागद आमच्या गटातली एक बाई दर मंगळवारी केजला घेऊन जाते. बसभाडं गट देतो.